ब्लेड रनर फायनल कटची ४के डिस्क: धूर खरा, दिवे खरे, म्हणून घ्या

आधीच सांगून टाकतो, डिस्क घ्या. घरी ४के टीव्ही आहे, प्लेअर आहे आणि जुन्या सायन्स फिक्शनपैकी एकच डिस्क घ्यायचीय, तर ही घ्या. सिनेमा १९८२ चा, रिडली स्कॉटचा, त्याचं २००७ चं फायनल कट, म्हणजे दिग्दर्शकाने स्वतः परत नीट केलेलं व्हर्जन, आणि २०१७ ला आलेली ही ४के डिस्क. स्टोरीवर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय, मी फक्त चित्र कसं दिसतं आणि काऊन तसं दिसतं तेवढंच लिहितो, कारण आमच्या ग्रुपमध्ये सिनेमाच्या इफेक्टसाठी हाताने बनवलेली छोटी मॉडेलं भारी का कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र भारी हा वाद कायम चालू असतो आणि मला पटेल असं उत्तर या डिस्कमध्ये सापडलं.

सुरुवातीचाच शॉट घ्या. रात्रीचं लॉस एंजेलिस, नजर पोचेल तिथपर्यंत कारखाने, चिमण्यांतून आगीचे लोळ, लांबून एक गाडी उडत येते. बाप्पा, हे सगळं एका खोलीत मांडलेलं मॉडेल आहे! पुढच्या इमारती मोठ्या आणि बारीक कामाच्या, मागे जाल तशा लहान लहान होत गेलेल्या, बऱ्याचशा तर पितळेच्या पत्र्यातून अ‍ॅसिडने कोरून काढलेल्या नुसत्या सपाट आकृत्या, आणि त्यांच्यामधून फायबर ऑप्टिकचे बारीक दिवे. आता काही फुटांच्या मॉडेलमध्ये मैलोन्‌मैलांचं अंतर आणायचं कसं? तर खोलीत धूर भरला. मे महिन्यात आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सवरून खाली शहराकडे बघितलं की लांबच्या बिल्डिंगा कशा फिकट, धुरकट दिसतात, आपला डोळा अंतर त्यावरूनच ओळखतो, तेच इथे धुराने साधलंय.

पण खरी मेहनत पुढे आहे. हा शॉट एका दमात घेतलेला नाही. कॅमेरा मोटरवर, एकदा फक्त इमारतींचे आकार घेतले, मग फिल्म मागे गुंडाळून त्याच निगेटिव्हवर, अगदी त्याच वाटेने कॅमेरा चालवून फक्त दिवे, मग परत आग, असं थरावर थर. दोन फेऱ्यांमध्ये धूर जरा जरी कमी-जास्त झाला की थर जुळणार नाहीत म्हणून धुराचं प्रमाण मोजायला सेन्सर लावलेले. आणि आगीचे लोळ म्हणजे आधी शूट केलेले खरे स्फोट, मॉडेलमध्ये छोटे पांढरे पुठ्ठे उभे करून त्यावर प्रोजेक्टरने पाडलेले. म्हणजे पडद्यावर जे दिसतं त्यातला प्रत्येक उजेड कधीतरी खरोखर लेन्समधून आत गेलेला आहे. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

हे काम डग्लस ट्रंबल आणि त्याच्या टीमचं. कुब्रिकच्या १९६८ च्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या सिनेमावर काम केलेला माणूस. क्लोज एन्काउंटर्स सिनेमातले ते उकळल्यासारखे ढगसुद्धा त्याच्याच टीमचे, काचेच्या टाकीत खाली मिठाचं पाणी, वर साधं पाणी आणि त्यात सोडलेला रंग. ब्लेड रनरचे इफेक्ट त्यांनी ६५ एमएम रुंद फिल्मवर घेतले, बाकी सिनेमा नेहमीच्या ३५ वर. कारण तेव्हा दोन चित्रं एकत्र करायची तर फिल्मवरून फिल्मवर कॉपी काढावी लागायची आणि दर कॉपीला चित्र मळायचं, फिल्मचे दाणे, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, वाढायचे. मूळ निगेटिव्ह मोठी असली की कॉपी काढूनसुद्धा चित्र टिकतं. फायनल कट करताना हे ६५ एमएमचे शॉट ८के ला स्कॅन केले, आणि म्हणून डिस्कवर एक भलतीच गोष्ट दिसते, ती म्हणजे इफेक्टचे शॉट कधीकधी साध्या संवादाच्या शॉटपेक्षा जास्त स्वच्छ आहेत. आजकालच्या किती सिनेमांत बरोबर उलटं होतं.

टायरेल या कंपनीवाल्याच्या ऑफिसात घुबडाचे आणि नायिकेचे, रेचलचे, डोळे चमकतात तिथे पॉज करून बघा. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशात अर्धपारदर्शक आरसा आणि बाजूने सोडलेला मंद उजेड, बस. तो उजेड बुबुळाच्या आतून परत येतो. कॅमेरामन जॉर्डन क्रोनेनवेथ. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणे, मामा, मग हे सेटवरच दिसत होतं का? हाव, कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला दिसतच होतं की! अजून एक, शहराच्या गर्दीत एक इमारत म्हणून स्टार वॉर्समधल्या मिलेनियम फाल्कनचं मॉडेल उभं केलंय, शोधा.

आता कॉम्प्युटर. २००७ ला कॉम्प्युटर भरपूर वापरलाय, पण कुठे ते बघा. उडत्या गाडीच्या, स्पिनरच्या, केबल दिसायच्या त्या पुसल्या. झोरा नावाची बाई काचा फोडत पळते तिथे स्टंट करणारी बाई सरळ सरळ वेगळी दिसायची, तर झोराचं काम करणाऱ्या जोआना कॅसिडीला इतक्या वर्षांनी परत बोलावून तिचा चेहरा बसवला. सापवाल्याच्या सीनमध्ये हिरो हॅरिसन फोर्डचे ओठ डायलॉगशी जुळत नव्हते तर त्याच्या मुलाचं, बेनचं, तोंड शूट करून वापरलं. शेवटी कबुतर पावसाळी रात्रीतून एकदम निळ्या आभाळात उडायचं, ते आभाळ बदललं. मला तो कबुतराचा शॉट अजूनही थोडा चिकटवलेला वाटतो, पण आधीपेक्षा शंभर पट बरा. महत्त्वाचं हे की मॉडेलच्या जागी कॉम्प्युटरचं शहर आणून ठेवलं नाही. १९९७ ला स्टार वॉर्सच्या स्पेशल एडिशनमध्ये कॉम्प्युटरचा जब्बा आणि गर्दी करणारे प्राणी घुसवले ते बघा आणि मग हे बघा. ते प्राणी आज जुने दिसतात, त्यांच्या शेजारची १९७७ ची मॉडेलं दिसत नाहीत.

कॉम्प्युटर वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. एक काळ तर असा होता की कॉम्प्युटरचं चित्र परवडत नाही म्हणून तेच मॉडेलने बनवायचे, १९८१ च्या एस्केप फ्रॉम न्यूयॉर्कमध्ये ग्लायडरच्या स्क्रीनवर हिरव्या रेघांचं शहर दिसतं ते म्हणजे काळ्या मॉडेलच्या कडांना लावलेल्या चमकत्या पट्ट्या. १९९१ चा टर्मिनेटर २ आणि १९९३ चा ज्युरासिक पार्क आजही बघवतात ते काऊन? कारण टी-रेक्स खरोखर बनवलेला होता, पावसात त्याची कातडी पाणी प्यायची आणि तो थरथरायचा, टॉवेलने पुसावा लागायचा, आणि कॉम्प्युटरवाल्या टी-रेक्सला त्या खऱ्याच्या शेजारी उभं राहायचं होतं. समोर खरं काही असलं की कॉम्प्युटरवाल्यांचाही हात नीट चालतो. २०११ च्या द थिंगसाठी यांत्रिक राक्षस बनवून, शूट करूनसुद्धा नंतर बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर कॉम्प्युटरचं चित्र चढवलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. किती लोकांचे हात लागले असतील त्याला.

आता कामाचं. मी हाच सिनेमा आधी एका अ‍ॅपवर बघितला होता, तिथे धुराचे सगळे शॉट पट्ट्या-पट्ट्यांचे दिसले. धूर, पाऊस, फिल्मचे दाणे या तीन गोष्टी नेटवरून पाठवायला डेटा दाबला की सगळ्यात आधी मरतात आणि या सिनेमात तर याच तीन गोष्टी आहेत! डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास डेटा जाऊ शकतो, तिथे धूर धुरासारखा दिसतो. नागपुरात आता अशी डिस्क दुकानात मिळणं कठीण, बर्डीवर पूर्वी डीव्हीडी मिळायच्या ते दिवस गेले, ऑनलाइन इम्पोर्टेड मागवावी लागते आणि ती स्वस्त नाही. ४के डिस्कला रीजनची, म्हणजे ठराविक देशांतल्याच प्लेअरवर चालायची, भानगड नसते त्यामुळे कुठूनही मागवा. वेगळा प्लेअर नसेल तर डिस्क ड्राइव्हवालं पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स चालतं, पीएस४ प्रो मात्र ४के डिस्क वाचत नाही, कोणी चालेल म्हटलं तरी घेऊ नका. सिनेमा फार काळोखी आहे, उन्हाळ्यात सात वाजेपर्यंत खिडकीतून उजेड येतो तर जेवणं उरकून लावा. आणि कूलर बंद ठेवा, व्हँगेलिसच्या संगीतातला खालचा घुमारा कूलरच्या आवाजात पार बुडतो, दोनेक तास घाम आला तरी चालेल.

सिनेमा संथ आहे हे माहीत असू द्या, मारामारी बघायला बसलेले पोट्टे अर्ध्या तासात मोबाइल काढतील. पॅक घेताना त्यात डेंजरस डेज नावाच्या डॉक्युमेंटरीची डिस्क आहे का तेवढं बघून घ्या, साडेतीन तासांची आहे आणि ही सगळी मॉडेलं, तो धूर, ती माणसं त्यात प्रत्यक्ष दिसतात. ती नसलेला पॅक थोडा स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.