थंडरबर्डमध्ये डोमेनवरून स्पॅम अडवणं : आठ महिन्यांचा अनुभव
मिरजेत आमचं सतार-तंबोऱ्यांचं दुकान आहे. दुकानाची मेल मी थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये बघते. परदेशातल्या चौकश्या मेलवरच येतात, म्हणून आमचा पत्ता वेबसाइटवर उघडा असतो आणि स्पॅमही त्याच पत्त्यावर येऊन आदळतो. थंडरबर्डचं जंक फिल्टर शिकवून पाहिलं, बराच फरक पडला. पण काही पाठवणारे दर वेळी मजकूर बदलायचे. पत्त्यात कधी ‘इन्फो’, कधी ‘सेल्स’. ‘@’च्या पुढचं डोमेन मात्र तेच.

मग टूल्समधल्या मेसेज फिल्टर्समध्ये गेले. ‘फ्रॉम’, ‘एंड्स विथ’ आणि पुढे डोमेन. ‘मॅच एनी’ ठेवलं की अधिकचं बटण दाबत एकाच फिल्टरमध्ये हवी तेवढी डोमेनं घालता येतात. ‘@’ सकट लिहिलं तर सबडोमेनवरून, म्हणजे त्याच डोमेनच्या आधी आणखी एखादा शब्द आणि टिंब असलेल्या पत्त्यावरून, येणारी मेल निसटते, म्हणून प्रत्येक डोमेनची मी आणखी एक ओळ घालते, ‘@’च्या जागी टिंब देऊन.

पहिल्याच महिन्यात मोठी चूक झाली. ‘.टॉप’वाली डोमेनं अडवताना मी ‘कंटेन्स’ निवडलं आणि टिंब विसरले. हे फिल्टर पाठवणाऱ्याचं नावही तपासतं, आणि ख्रिस्तोफर हे नाव इंग्रजीत लिहिलं की मधोमध टी-ओ-पी येतं! त्याच नावाच्या गिऱ्हाइकाने तंबोऱ्याच्या भोपळ्याचं माप विचारलं होतं. ती मेल थेट ट्रॅशमध्ये गेली आणि मला बारा दिवसांनी दिसली. फार वाईट वाटलं.

तेव्हापासून डिलीट बंद. अडवलेली मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि दर शनिवारी मी तो चाळते. यादीत सगळ्यात वर एक फिल्टर ठेवलाय : पाठवणारा अ‍ॅड्रेस बुकात असेल तर पुढचे फिल्टर थांबव. जुनी गिऱ्हाइकं त्यामुळे सुरक्षित राहतात.

जीमेलवरून येणाऱ्या स्पॅमला हा उपाय चालत नाही. ते डोमेन अडवलं तर निम्मी गिऱ्हाइकं जातील. खोट्या ‘फ्रॉम’ पत्त्यांचंही तेच, आज एक डोमेन, उद्या दुसरं. शिवाय फिल्टर चालतात कॉम्प्युटरवर थंडरबर्ड उघडं असेल तेव्हाच. रात्रभरात आलेलं सगळं सकाळी फोनवर दिसतं, दुकान उघडून कॉम्प्युटर लावला की फोनवरच्या इनबॉक्समधूनही जातं.

भाऊजी म्हणतात, ‘.आरयू’ हे रशियाचं डोमेन अख्खंच अडव, तिथून कचराच येतो. मी अडवलेलं नाही. सतार शिकणारं माणूस कुठूनही लिहील.