गाडीतला टीव्ही ट्यूनर: घोडबंदर ते वाशी

गाडीत टीव्ही ट्यूनर बसवून बरेच महिने झाले, पावसाळाही मध्ये जाऊन आला. आता लिहायला हरकत नाही.

आधी एक खुलासा, कारण निम्मे लोक इथेच गोंधळतात. हे डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवाली फुकट सेवा, नव्हे. तिची छत्री उपग्रहाकडे नेमकी रोखून ठेवावी लागते, धावत्या गाडीत ते कसं जमणार? माझा ट्यूनर डीव्हीबी-टी२चा आहे. दूरदर्शन जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून जे डिजिटल प्रक्षेपण करतं, मुंबईसह १६ शहरांत २०१६ मध्ये सुरू झालेलं, ते हा पकडतो. महिन्याचं भाडं नाही, डेटा जळत नाही. वाहिन्या मोजक्याच, त्याही दूरदर्शनच्याच. बाबांना सह्याद्रीच्या बातम्या मिळाल्या की बाकी कशाची पडलेली नसते, त्यामुळे आमचं भागतं.

घेताना खोक्यावर डीव्हीबी-टी२ छापलंय का ते स्वतः वाचा. प्रक्षेपणाची पद्धत देशोदेशी वेगळी: जपानी सेटमध्ये आयएसडीबी-टी असतं, चिनीमध्ये डीटीएमबी, अमेरिकनमध्ये एटीएससी. आपल्याकडे यातलं काही चालत नाही, आणि दुकानदार ‘सगळं चालतं साहेब’ म्हणणारच.

चार अँटेनावाला घ्या. एका अँटेनाला पुलाखाली किंवा ट्रकच्या आडोशाला सिग्नल मिळेनासा झाला तर दुसरा सावरून घेतो. आमच्या फिटिंगवाल्याने पुढच्या काचेवर अँटेनाच्या पट्ट्या चिकटवल्या, पण एका पट्टीचं अर्थिंगचं टोक काचेशेजारच्या खांबाच्या प्लॅस्टिकवरच दाबून मोकळा झाला. त्या बाजूचा सिग्नल कायम मेलेला. शेवटी ते प्लॅस्टिक उचकटून टोक पत्र्याला लावलं, तेव्हा कुठे पट्टीत जीव आला. डॅशकॅमची (समोरचा रस्ता टिपणाऱ्या कॅमेऱ्याची) वायरही अँटेनापासून लांब ठेवा. माझा डॅशकॅम सुरू केला की चित्र फुटायचं. काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर अँटेना आत लावून फारसा उपयोग नाही.

आता खरा मुद्दा, डोंगर. प्रक्षेपण वरळीच्या मनोऱ्यावरून. आम्ही राहतो ठाण्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला, मध्ये येऊरचा अख्खा डोंगर आडवा. त्यामुळे पातलीपाडा, मानपाडा भागात पडदा जवळजवळ कोराच, आणि गायमुखला जिथे तासन्‌तास अडकतो तिथे तर काहीच नाही. मुलुंडचा टोलनाका ओलांडला की चित्र टिकायला लागतं. ऐरोलीच्या पुलावर सुरेख, वाशीच्या खाडीपुलावर त्याहून छान. पाम बीच रोडला नेरुळच्या बाजूला ट्रॉम्बेचा डोंगर मध्ये येतो, तिथे अधूनमधून दगा देतं. खारघर पारसिकच्या डोंगरामागे आहे, तिकडच्यांनी पैसे वाचवावेत.

जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या इथे येत नाहीत. चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गोठतं, मग आवाजही जातो. मधली स्थिती फार थोडा वेळ असते, म्हणून ‘थोडं खराब चालेल’ हा हिशेब इथे लागू होत नाही. पावसाचं म्हणाल तर मुसळधार कोसळत असताना घरची छत्री ‘सिग्नल नाही’ म्हणत होती आणि गाडीत बातम्या चालू होत्या.

क्रिकेटवाल्यांसाठी: २००७च्या कायद्यामुळे भारताच्या महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण हक्क घेतलेल्या वाहिन्यांना प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं, त्यामुळे असे सामने इथे फुकटात दिसतात. ऐरोलीच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं मोबाइलवर सामना बघत होती. आमच्याकडे विकेट पडली, मागच्या सीटवरून आरडाओरडा झाला, आणि त्यांचा गोलंदाज अजून रनअपवरच. पोरांनी काच खाली करून आम्हाला शिव्या घातल्या.

हँडब्रेक ओढलेला असेल तरच पुढचा पडदा चालावा म्हणून एक वायर असते; ती परस्पर बॉडीला जोडून चालत्या गाडीत पुढचा पडदा चालू ठेवण्याची युक्ती फिटिंगवाला हमखास सुचवतो. मी नाही म्हटलं. पुढचा पडदा गाडी उभी असतानाच चालतो, मागच्या सीटला वेगळा लावलाय. बाबा मागे बसतात आणि चित्र गोठलं की मलाच विचारतात, ‘काय रे, कुठला डोंगर आला?’