भाचीच्या नावाचा तारा आणि त्याचा खोटा फोटो

गेल्या जूनमध्ये माझ्या भाचीला आठ वर्षं पूर्ण झाली. त्या वाढदिवसाला मी तिला आकाशातला एक तारा भेट दिला. दिला, असं तेव्हा मला वाटलं. पैसे मोजले, तिच्या नावाचं सर्टिफिकेट आलं, माझ्याच स्टुडिओत ते फ्रेम केलं आणि तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर टांगलं. आता ती फ्रेम उतरवली आहे. एखाद्या लहान मुलासाठी अशी भेट घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर पैसे भरण्याआधी हे त्यांच्या नजरेला पडावं, म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

तारा सुचला तो आईमुळे. रात्री झोपताना ती नातीला ध्रुवबाळाची गोष्ट सांगते. बापाच्या मांडीवरून उठवलेलं पोर रुसून रानात जातं आणि शेवटी त्याला कुणी उठवू शकणार नाही अशी जागा आकाशात मिळते. भाचीने एकदा विचारलं, "मामा, मलापण मिळेल का तिथं जागा?" लेकराचा प्रश्न मनात राहतो. त्यानंतर काही दिवसांतच मोबाइलवर जाहिरात दिसली : आपल्या लाडक्याच्या नावाने तारा नोंदवा, आंतरराष्ट्रीय नोंद, कायमची.

मी फोन केला. पलीकडून बोलणारी बाई फार गोड बोलत होती. मी तिला दोनच गोष्टी विचारल्या. हे नाव खरोखर लागतं का, आणि तो तारा दिसेल का? ती म्हणाली, "हो सर, ऑफिशियल रजिस्टरला नोंद होते. आणि तुमचा फोटोग्राफीचाच व्यवसाय आहे म्हणता, मग फोटोसुद्धा काढता येईल की." या एका वाक्यावर मी २,७०० रुपये भरले. भाचीला सांगून टाकलं, की पावसाळा संपला की आपण दोघं तुझ्या ताऱ्याचा फोटो काढू.

साताऱ्याचा पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर आकाश बंद. ऑक्टोबरमध्येही ढग रेंगाळत होते. एवढे दिवस ती पोर रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन बघायची. शाळेतल्या मैत्रिणींना सांगून झालं होतं, बाईंना सांगून झालं होतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण असल्या भेटीत मोठ्या माणसाचे पैसे जातात पण पणाला लागतो तो मुलाचा शब्द.

नोव्हेंबरच्या मध्यावर, अमावस्येच्या आसपास, ताई, दाजी, भाची आणि मी ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. पवनचक्क्यांचे लाल दिवे सोडले तर तिथं अंधार चांगला मिळतो. सर्टिफिकेटवर ताऱ्याचा पत्ता होता : विषुवांश शून्य तास २५ मिनिटं, क्रांती उत्तर ५९ अंश. विषुवांश आणि क्रांती म्हणजे जणू आकाशातले रेखांश आणि अक्षांश. आकाशाच्या नकाशाचं मोफत ॲप मी आधीच बघून ठेवलं होतं. जागा शर्मिष्ठा या तारकासमूहात येत होती. रात्री नऊच्या सुमारास शर्मिष्ठा उत्तरेला चांगली वर आली होती, पाच ठळक ताऱ्यांचं इंग्रजी एम अक्षर. आपला पत्ता त्या एमच्या डाव्या कमानीखाली होता.

मी बोट दाखवलं. भाची कानटोपी मागे सारून कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, तिथं काहीच नाही."

मी म्हटलं, डोळ्यांना नाही दिसला तरी कॅमेऱ्याला दिसेल. ट्रायपॉड लावला, ५० मिलिमीटर फोकल लेंग्थची लेन्स, अंधारात जास्त उजेड टिपावा म्हणून एफ १.८, आयएसओ १,६००. पृथ्वी फिरते त्यामुळे जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. फोटोवाल्यांचा एक ठोकताळा आहे : ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थने भागायचं, येतील तेवढे सेकंद. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून ५० चे ७५ धरायचे. उत्तर आलं साडेसहा सेकंदांच्या आसपास. तसे पन्नासेक फोटो काढले. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर शर्मिष्ठेचे पाच तारे लखलखीत, भोवती बारीक ठिपकेच ठिपके, आणि आपल्या पत्त्यावर काळोख. परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. तेव्हाच शहाणा व्हायला हवं होतं. त्यांनी सांगितलं, "सर, आपला तारा खूप दूरचा आहे, साध्या कॅमेऱ्यात येत नाही. आमची फोटो सेवा आहे, मोठ्या दुर्बिणीतून काढून देतो. १,८०० रुपये." 'फोटोसुद्धा काढता येईल' असं जूनमध्ये सांगणारी हीच मंडळी. तरीही मी भरले, कारण पोरीला दिलेला शब्द होता.

आठ दिवसांत फोटो आला. मधोमध एक झगझगीत तारा, त्याला चारी बाजूंनी किरणांचे काटे, भोवती गुलाबी छटा, खाली भाचीचं नाव सोनेरी अक्षरांत. तिला इतका आनंद झाला की फोटो घेऊन ती शेजारच्या चार घरांत फिरून आली.

माझ्या मनात मात्र शंका होती. परवा ज्या जागी काळोख होता तिथं एवढा तेजस्वी तारा असेल कसा? दुर्बीण मोठी असली म्हणजे मंद तारा उजळ येतो हे खरं, पण मग त्याच्या आसपासचेही सगळे उजळ यायला हवेत. इथं एकटा हाच झगझगत होता आणि बाकीचे बारीक. शिवाय फाइलमधली कॅमेऱ्याची सगळी माहिती पुसलेली होती. तारीख नाही, एक्स्पोजर नाही, काही नाही. लग्नाचे फोटो देतानाही मी ती माहिती पुसत नाही.

पुण्यातल्या एका हौशी आकाशनिरीक्षकाची ओळख निघाली. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, ती प्रत्येकाने शिकून घ्यावी. अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट नावाची मोफत सेवा आहे. ताऱ्यांचा कुठलाही फोटो तिथं चढवला की त्यातल्या ठिपक्यांच्या आपसातल्या रचनेवरून तो आकाशाच्या कुठल्या भागाचा आहे हे ती शोधून देते. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा तसं. आधी मी माझाच चाळकेवाडीचा फोटो चढवला. थोड्या वेळात उत्तर आलं, शर्मिष्ठा. मग कंपनीचा चढवला. उत्तर आलं, बृहल्लुब्धक, म्हणजे भलताच तारकासमूह. विषुवांश सहा तास ४५ मिनिटं, क्रांती दक्षिण १६ अंशांच्या पुढे. मधला झगझगीत तारा म्हणजे व्याध! आणि त्याच्या खाली जो धुरकट पुंजका दिसत होता तो एम ४१, व्याधाच्या दक्षिणेला चारेक अंशांवरचा तारकागुच्छ.

व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. आपल्या पूर्वजांनी त्याला नाव देऊन किती शतकं झाली. त्याच्या फोटोवर एका आठ वर्षांच्या मुलीचं नाव टाकून माझ्याकडून १,८०० रुपये घेतले होते.

मग सर्टिफिकेटवरच्या ताऱ्याचीही चौकशी केली. तो पत्ता खोटा नव्हता. तिथं तारा आहे, पण अकराव्या प्रतीचा. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. अगदी काळ्याकुट्ट आकाशात, चांगल्या नजरेला, साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. प्रतीचा आकडा पाचने वाढला की तेज शंभर पटीने कमी होतं. म्हणजे भाचीचा तारा नुसत्या डोळ्यांना कुठूनही, कधीही दिसणार नव्हता. साऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसू शकणारे तारे नऊ हजारांच्या आसपास, आणि ग्राहक त्याहून कितीतरी जास्त. पुण्याच्या त्या गृहस्थांनी माझे पन्नास फोटो सॉफ्टवेअरने एकावर एक रचले. कॅमेऱ्याचा गोंधळ (नॉइज) कमी झाला आणि पत्त्यावर एक पुसट दाणा उमटला. त्याच्याच आसपास तसले शेकडो दाणे. सर्टिफिकेटवर पत्ता छापताना त्यांनी प्रत छापली नव्हती. ती छापली असती तर मी एक पैसाही दिला नसता.

राहिला प्रश्न नावाचा. ताऱ्यांची अधिकृत नावं ठरवण्याचं काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचं आहे. हा संघ १९१९ मध्ये स्थापन झाला. ताऱ्यांच्या नावांसाठी त्यांनी २०१६ मध्ये खास समिती नेमली. हा संघ नावं विकत नाही, कुणाला विकायचा अधिकारही देत नाही, आणि हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. कंपनीचं रजिस्टर म्हणजे कंपनीनेच ठेवलेली वही. उद्या दुसरी कंपनी तोच तारा दुसऱ्या कुणाला विकेल, किंवा हीच कंपनी पुन्हा विकेल, अडवणारं कुणी नाही. 'आमच्या पुस्तकाला कॉपीराइट आहे' असंही सांगतात. कॉपीराइट पुस्तकातल्या मजकुराला मिळतो, त्याने ताऱ्याला नाव लागत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने १९९८ मध्ये तारे विकणाऱ्या एका कंपनीवर फसव्या जाहिरातीचा ठपका ठेवला होता. एवढी जुनी ही गोष्ट आहे, आणि मला ती माहीत नव्हती.

खरी नावं कशी लागतात तेही वाचलं. २०१९ मध्ये संघाने देशोदेशीच्या लोकांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव सुचवण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. त्याला 'बिभा' हे नाव मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून, आणि त्याच्या ग्रहाला 'सन्तमस'. लोकांनी मतं दिली, कुणी पैसे मोजले नाहीत. आपल्या धनिष्ठा नक्षत्रातल्या दोन ताऱ्यांची गोष्ट तर मला फारच आवडली. इटलीत पालेर्मोच्या वेधशाळेतला साहाय्यक निकोलो काचातोरे. त्याच्या नावाचं लॅटिन रूप निकोलाउस व्हेनाटोर. १८१४ च्या तारासूचीत दोन ताऱ्यांना सुआलोसिन आणि रोटानेव्ह अशी नावं दिलेली होती. त्यांची लॅटिन अक्षरं उलटी वाचली की त्याचंच नाव! पुढे संघानेही ती मान्य केली. ज्याने आयुष्य ताऱ्यांच्या मोजणीत घालवलं त्याचं नाव तिथं राहिलं, याचं मला वाईट वाटत नाही.

तक्रार केली. कंपनीने वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं दाखवलं, की ही फक्त भावनिक भेटवस्तू आहे. त्यामुळे २,७०० रुपये अडकले. पण फोटोच्या बाबतीत पळवाट नव्हती. त्यांच्याच सर्टिफिकेटवरचा पत्ता आणि त्यांच्याच फोटोचा पत्ता, दोन्ही कागद शेजारी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांत १,८०० रुपये परत आले. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं आणि पैसे भरल्याच्या पावत्या होत्या म्हणून हे जमलं. जूनमधलं 'ऑफिशियल रजिस्टर' मात्र फोनवर बोललेलं, त्याचा पुरावा नाही. तेव्हा असं काही घेणारच असाल तर हे दोन प्रश्न लेखी विचारा : ताऱ्याची प्रत किती, आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाची या नावाला मान्यता आहे का? लेखी उत्तर टाळलं तर तिथंच थांबा.

सगळ्यांत अवघड होतं ते भाचीला सांगणं. ताई म्हणाली, "राहू दे रे, लहान आहे, मोठी झाली की कळेल." मला ते पटलं नाही. मोठेपणी कळेल तेव्हा मामाला माहीत होतं आणि तो गप्प बसला, हेही कळेल. मी तिला स्टुडिओत नेलं, कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो उघडले आणि खोटा कुठला, कशावरून, ते जसंच्या तसं सांगितलं. ती रडली. मैत्रिणींना आता काय सांगू, म्हणाली. मग जरा वेळाने डोळे पुसून तिनेच तो रचलेला फोटो मोठा करायला लावला आणि पुसट दाण्यावर बोट ठेवून विचारलं, "पण हा खरा आहे ना?" मी म्हटलं, हा तारा खरा आहे, नाव मात्र आपण विकत घेतलेलं.

जानेवारीत पुन्हा चाळकेवाडीला गेलो. या वेळी सर्टिफिकेट नेलं नाही. मृगाच्या पट्ट्यातले तीन तारे धरून खाली सरकत व्याध तिने स्वतः शोधला. मी तिला सांगितलं, व्याध आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे आत्ता जो उजेड तुझ्या डोळ्यांत येतोय तो तिथून निघाला तेव्हा तू नुकतीच जन्मली होतीस. तिने बोटांवर वर्षं आणि महिने मोजून पाहिले. जून ते जानेवारी सात महिने, वर आठ वर्षं. दोनदा मोजले.

फोटो तिनेच काढला, रिमोटचं बटन दाबून, सहा सेकंदांचा. व्याधाखालचा एम ४१ चा पुंजकाही त्यात आला आहे. फ्रेमवर कुणाचं नाव टाकू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "त्याचं नाव आहे की." खाली फक्त तारीख आणि चाळकेवाडी असं तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे.