बंब घ्यायचा की सोलर? आधी जळणाची खोप बघा

गावच्या घरासाठी बंब, म्हणजे आतल्या नळीत जळण पेटवून अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं, घ्यायचा म्हणणाऱ्याला मी पहिल्यांदा एकच विचारतो : जळण कुठून येणार? तांब्याचा की स्टीलचा, हे नंतर. परसात दहा-बारा माड असतील, दर वर्षी आंब्याची छाटणी होत असेल, तर बंबाइतकं स्वस्त गरम पाणी नाही. करवंट्या, सोडणं, वाळलेल्या झावळ्या, सगळं त्यात खपतं. देशावर पऱ्हाट्या, तुराट्या नि मक्याची बुरकुंडं आहेतच. वखारीतलं लाकूड विकत आणायचा बेत असेल, तर आधी हिशेब मांडा.

२० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या भाषेत ०.६ युनिट, आणि गिझर त्याहून फार जास्त खात नाही. गॅस गिझरला बादलीमागे साधारण ५५ ते ६० ग्रॅम गॅस लागतो. किलोभर वाळक्या लाकडात ३५०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता असते, पण त्यातली बरीच धुराड्यातून निघून जाते. शिवाय ४० लिटरचा बंब एकट्यासाठी पेटवला तरी ४० लिटर तापवावेच लागतात. म्हणून दोन माणसांच्या घरात गिझर बरा. गणपतीत बारा माणसं उतरतात तेव्हा मात्र बंबासारखा बंबच : वरून गार पाणी ओतत राहा, जळण सरकवत राहा, रांग हलत राहते.

ओल्या लाकडाचं गणित तर फारच वाईट. लाकडातल्या एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी जातात, म्हणजे अख्खी एक बादली नुसती धुरात गेली. पावसाळ्याआधी जळण भरून ठेवायला कोरडी खोप नसेल, तर आषाढात तुम्ही बंब नव्हे, डोळे पेटवत बसाल.

सोलरची गंमत याच्या उलट. ऑक्टोबर ते मे काडीही न जाळता पाणी मिळतं, आणि कोकणात नेमकं जून ते सप्टेंबर ते रुसतं. संध्याकाळी कुणी टाकी रिकामी केली तर सकाळी उरेल ते कोमट. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर नळ्यांत थर बसतो, तो साफ करायला येणारा माणूस तालुक्यात आहे का, हे विकत घेण्याआधीच विचारा. तरी जागा नि पैसा असेल तर माझं मत असं : उन्हाळ्या-हिवाळ्याला सोलर, पावसाला बंब. दोघांचं चांगलं जमतं.

गॅस गिझर झटपट खरा, पण बंद न्हाणीघरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड माणसाला कळायच्या आत झोपवतो. तो बाहेरच्या भिंतीवरच हवा. हाच नियम बंबालाही. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांसकट बंब आत ओढणारे लोक मी पाहिलेत. फ्लॅटच्या बाल्कनीत तर बंबाचा विचारच नको, वरच्यांचं वाळत घातलेलं धुणं भांडायला येईल.

आता तांबं की स्टील. तांब्यातून उष्णता स्टीलपेक्षा पंचवीसेक पट सहज जाते, हे दुकानदार सांगतो ते खोटं नाही. पण खरा अडथळा पत्र्याचा नसतो, आतल्या नळीवर बसलेल्या काजळीचा असतो. ती दर पंधरा दिवसांनी खरवडली नाहीत तर तांब्याचा तोरा फुकट. तांब्याच्या बाजूचा खरा मुद्दा म्हणजे ते डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून, दुरुस्त होतं आणि मोडीलाही चांगली किंमत येते. स्टील पातळ असेल तर ते जोडापाशी आधी दगा देतं.

घेताना बंब पाणी भरून थोडा वेळ ठेवायला सांगा. तोटीपाशी नि बुडाच्या जोडाला हात फिरवून ओल लागते का बघा. जाळी बाहेर निघते ना? तोंड एवढं हवं की करवंटी न फोडता आत जाईल. पाणी थेट टाकीच्या नळाला जोडणार असाल, तर वाफेला वर मोकळी वाट ठेवणारा पाइप टाकीपेक्षा उंच न्या आणि त्यावर कॉक बसवू देऊ नका. आणि घरात कुणीही पेटवो, आधी पाणी, मग काडी. रिकामा बंब पेटला की डाग वितळतात, मग पुन्हा तांबटाकडे.