हिरवा ठिपका दिसला आणि मी पैसे पाठवले

वायफायचा माल घेताना मी फसलो. रक्कम आधीच लिहितो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको. 5,36,284 रुपये. दोन वायरलेस कंट्रोलर (सगळ्या वायफायचा कारभार बघणारे डबे) जीएसटीसकट 3,35,120, चोवीस ॲक्सेस पॉइंटांचं (वायफाय सोडणाऱ्या यंत्रांचं) तीन वर्षांचं लायसन्स 1,82,664, आणि ‘ऑनबोर्डिंग चार्ज’, म्हणजे माल आपल्या खात्यात जोडून देण्याचे, 18,500, ज्याचं बिलही नाही. हे साडेअठरा हजार सगळ्यात जास्त झोंबतात, कारण ते मी यूपीआयने पाठवले आणि वर विकणाऱ्याला ‘थँक्यू’ लिहिलं.

इंदूरमध्ये चौदा वर्षं नेटवर्किंगची कामं करतोय. हे मुद्दाम सांगतो, कारण सध्या घरीदारी एकच सूर आहे, ‘तुला कसं कळलं नाही?’ भंवरकुआँ भागात एका हॉस्टेलचं काम होतं. चार मजले, कोचिंगची पोरं, जुलैच्या आत वायफाय हवं. अधिकृत डिस्ट्रिब्यूटरने दहा आठवडे सांगितले आणि भाव जवळजवळ दुप्पट. हॉस्टेलमालक रोज सकाळी माझा पोह्याचा घास घशात अडकेल अशा वेळी फोन करायचा. तुम्ही काय केलं असतं?

ओळखीतून एक नंबर मिळाला. माणूस हिंदीत बोलत होता, माझं आडनाव ऐकलं आणि मराठीत आला. “अहो, मग तुम्ही आपलेच! माझी आत्या रामबागेतच राहते.” इंदुरात मराठी बोलणारा भेटला की आपण निम्मे तिथेच विरघळतो. पुढचं निम्मं काम त्याने केलं. म्हणाला, माल एका रद्द झालेल्या प्रोजेक्टचा, उरलेला आहे. पेटी उघडलेली असेल, पण क्लाउडवर मी स्वतः चढवून देतो. दीड लाख ॲडव्हान्स एनईएफटीने दिला.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हल्ली बऱ्याच कंपन्यांचा कंट्रोलर नुसता विकत घेऊन भागत नाही. तो कंपनीच्या मध्यवर्ती प्लॅटफॉर्मवर, म्हणजे क्लाउडवर, आपल्या खात्यात जोडावा लागतो, सिरियल नंबर टाकून, काही ठिकाणी सोबत मॅक ॲड्रेस (उपकरणाचा नेटवर्कवरचा नंबर), काही ठिकाणी क्लेम कोड. मेराकी असो, अरुबा सेंट्रल असो की मिस्ट, एक उपकरण एका वेळी एकाच खात्यात. आधीचा मालक सोडत नाही तोवर पुढच्याला घेता येत नाही. आणि ही नोंद डब्यात नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. टाचणी घालून रिसेटचं बटण कितीही वेळ दाबा, नाव पुसलं जात नाही. मी कुठल्या ब्रँडचं घेतलं ते लिहीत नाही.

आता तो दिवस. 14 जून, दुपार, हॉस्टेलच्या जिन्याखालची कपाटाएवढी सर्व्हर रूम, पंखा बंद. त्याने कंट्रोलर चालू केले, दोन ॲक्सेस पॉइंट जोडले, स्वतःचा लॅपटॉप उघडला. सहा-सात मिनिटांत डॅशबोर्डवर दोन्ही सिरियल नंबरांपुढे हिरवा ठिपका. मी खिशातून फोन काढला आणि वायफायची यादी बघितली. यादीत दोन नवी नावं होती, ‘स्टाफरूम’ आणि ‘लायब्ररी-2’.

हॉस्टेलमध्ये स्टाफरूम कुठून आली?

विचारलं मी. अगदी याच शब्दांत विचारलं. तो हसला. “डेमोचं टेम्प्लेट आहे हो, नंतर बदलू.” आणि डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे खात्याचं नाव असतं, तिथे दुसऱ्या राज्यातल्या एका शाळेचं नाव होतं. तेही मी वाचलं. वाचून सोडून दिलं, कारण डोळे ठिपक्यावर होते. तो कंट्रोलर आपल्या जुन्या मालकाकडून जुनी सेटिंग खाली ओढत होता, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी समजलो ऑनबोर्डिंग झालं. उपकरण चालू असणं वेगळं आणि आपल्या नावावर असणं वेगळं. दुसऱ्याच्या नावावर आर.सी. असलेली गाडीसुद्धा किल्ली फिरवली की चालतेच. संध्याकाळी 3,67,784 आरटीजीएस केले.

म्हणून सांगतो, ऑनबोर्डिंग विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर कधीच बघू नका. आपलं लॉगिन, आपलं खातं, आपल्या हाताने सिरियल नंबर टाकायचा. जोडला गेला तर पैसे.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खात्यात टाकला. उत्तर आलं की हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याला दिलेलं आहे. लायसन्सची की टाकली, तीही वापरलेली. फोन केला तर म्हणाला, कंट्रोलरचं घड्याळ चुकलं असेल, एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) बघा. बरं, हे खोटं नाही! घड्याळ चुकलं तर सर्टिफिकेट तपासणीत अडकतं आणि कंट्रोलर क्लाउडला पोचत नाही. मी घड्याळ बघितलं. मग डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय. मग ‘फायरवॉलमध्ये 443 नंबरचं पोर्ट उघडा.’ मग फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर. प्रत्येक कारण खरं, प्रत्येक कारण मला पटणारं, आणि एकाचाही माझ्या अडचणीशी संबंध नाही. कंट्रोलर क्लाउडला पोचत होताच, माझ्या खात्यात तो येत नव्हता. अकरा दिवस त्याने मला माझ्याच विद्येने फिरवलं. बाराव्या दिवशी तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. “देखो भिया, माल आपने चेक करके लिया था.” तेव्हा समजलं. तेराव्या दिवशी फोन बंद.

कंपनीच्या सपोर्टला लिहिलं. अधिकृत भागीदाराचं बिल मागितलं. ते कुठून आणू? मग उत्तर, आधीच्या ग्राहकाने सोडल्याशिवाय आम्ही काही करू शकत नाही, त्याचं नावही देऊ शकत नाही. केस बंद. नाव तर मी डॅशबोर्डवर वाचलंच होतं. शाळेला फोन लावला. तिथला मनुष्य सभ्य होता. म्हणाला, हे दोन नंबर आमच्याकडे ‘दुरुस्तीसाठी पाठवले’ असे लिहिलेले आहेत, कृपया परत पाठवा. म्हणजे पैसे माझे गेले आणि माल शाळेचा!

ठाण्यात गेलो. साहेबांनी पाचव्या वाक्याला थांबवलं. “माल मिला ना? तो दीवानी मामला है, कोर्ट जाओ.” मी म्हटलं, फसवणूक आहे, पूर्वीचं चारशेवीस, आता न्याय संहितेचं तीनशे अठरा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू कलम पाठ असणं हाच गुन्हा. सायबरवाल्यांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, समोरासमोर भेटून व्यवहार झालाय, आमचा विषय नाही, ठाण्यात जा. परत ठाणं. तिथे तोवर दुसरे साहेब. त्यांना क्लाउड समजावताना मी आर.सी.चं उदाहरण दिलं, तर त्यांनी विचारलं, “गाड़ी कौन सी थी?” चार चकरा, प्रत्येक वेळी अर्जाची नवी प्रत, आणि शेवटच्या वेळी शाळेचा विषय निघाल्यावर उलट मलाच, “मतलब चोरी का माल आपने खरीदा?” तक्रारदार म्हणून आत गेलो होतो, बाहेर येताना शर्ट घामाने चिकटला होता.

वकील म्हणाले, ग्राहक आयोगात जाता येईल, पण धंद्यासाठी घेतलेला माल त्या कायद्यात बसत नाही. स्वयंरोजगार म्हणून वाद घालू. घालूया. फी वेगळी.

बिलाबद्दल सीएने जे सांगितलं ते ऐकून तर जेवण गेलं नाही. बिलावर पत्ता इंदूरचा, जीएसटी नंबर 07 ने सुरू. 07 म्हणजे दिल्ली, मध्य प्रदेशचा 23 असतो. वर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर लावलेला, माल दिल्लीहून आला असता तर दोन राज्यांमधला आयजीएसटी लागला असता. पोर्टलवर तो नंबर टाकायला एक मिनिट लागतं. रद्द झालेला होता. म्हणजे 78,984 रुपयांचं इनपुट क्रेडिटही (भरलेला जीएसटी आपल्या करातून वळता करणं) येणार नाही. नंबर टाका हो, बिल हातात आल्याआल्या टाका.

आणखी एक. सिरियल नंबर स्टिकरवरून घेऊ नका, कंट्रोलरमध्ये शिरून घ्या. माझे जुळले, पण एका स्टिकरच्या कोपऱ्याखाली जुन्या स्टिकरचा डिंक होता. तो मी नखाने खरवडून साफ केला होता, ग्राहकाला बरं दिसावं म्हणून. आणि ऑनलाइन पैसे उडाले असतील तर माझ्यासारखा अकरा दिवस एनटीपी तपासत बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.

हॉस्टेलला मी स्वतःच्या खिशातून साधे राउटर लावून दिले. मालक आता फोन करत नाही, ते जास्त वाईट आहे. दोन्ही कंट्रोलर रामबागेत आईच्या पलंगाखाली आहेत. ठाण्यातून परवा निरोप आला, सोमवारी मूळ खोकी घेऊन या, त्यावरच्या लेबलची नोंद करायची आहे. खोकी मी जूनमध्येच रद्दीवाल्याला दिली, बारा रुपयांना.