जुना प्रोसेसर ठेवावा की नवा घ्यावा? ट्रूएचडी, डीटीएस-एचडी आणि अ‍ॅटमॉसचा हिशेब

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला सराउंड प्रोसेसर (चहूबाजूंच्या स्पीकरांना आवाज वाटून देणारं यंत्र) किंवा एव्ही रिसीव्हर (तेच, पण आत अ‍ॅम्प असलेलं) पुण्यातल्या पुष्कळ घरांत अजून ठणठणीत आहे. टीव्ही मात्र मध्यंतरी बदलला, फोर-के आला, त्याच्या खोक्यावर डॉल्बी अ‍ॅटमॉस असं ठळक छापलेलं होतं. मग शंका येते की हे जुनं धूड नवे फॉरमॅट वाजवणार का? दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काका, ते आता जुनं झालं, काढून टाका." हे निम्मंच खरं आहे.

'नवे फॉरमॅट' म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरतो. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेबरोबर आले. दोन्ही लॉसलेस, म्हणजे मूळ मुद्रणातला (मास्टरमधला) एकही बिट न गमावता दाबलेले. डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल साधारण ४४८ केबीपीएसवर (सेकंदाला इतके किलोबिट) थांबायचं. ब्लू-रेवर ट्रूएचडी १८ एमबीपीएसपर्यंत (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस) आणि डीटीएस-एचडी २४.५ एमबीपीएसपर्यंत जातं. घरगुती अ‍ॅटमॉस २०१४ मध्ये आणि डीटीएस:एक्स २०१५ मध्ये आलं. त्यांचं काम आवाज डोक्यावर नेण्याचं. पहिल्या जोडीसाठी बहुतेक वेळा नवा प्रोसेसर लागत नाही. दुसऱ्या जोडीसाठी लागतोच, आणि जोडीला छताला स्पीकरही.

आधी यंत्राची मागची बाजू बघा

मागे एचडीएमआय नसेल, फक्त ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल या जुन्या डिजिटल जोडण्या असतील, तर त्या वाटेने लॉसलेस सराउंड येत नाही. तेवढी रुंदीच त्या वायरीत नाही. ट्रूएचडीच्या डिस्कवर सोबत असलेला साध्या डॉल्बी डिजिटलचा ट्रॅक मिळतो, फार तर ६४० केबीपीएसचा. डीटीएस-एचडीमधून आतला १.५ एमबीपीएसचा गाभा मिळतो. हाही ऐकायला वाईट नसतो, डीव्हीडीपेक्षा नक्कीच वरचा.

अशा प्रोसेसरला ५.१ किंवा ७.१ (पाच किंवा सात स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर) अ‍ॅनालॉग इनपुट असतील तर एक जुनी वाट उघडी आहे. प्लेअरने डीकोड करायचं, म्हणजे दाबलेला आवाज उलगडायचा, आणि सहा किंवा आठ आरसीए वायरींनी आवाज आत द्यायचा. अडचण अशी की बऱ्याच प्रोसेसरांत हे इनपुट थेट व्हॉल्यूमकडे जातात. सबवूफरकडे बेस वळवणं, स्पीकरचं अंतर भरणं, हे सगळं प्लेअरच्या मेन्यूत करावं लागतं. शिवाय असे आउटपुट असलेले प्लेअर आता दुर्मिळ आहेत; या कामात नावाजलेल्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवे प्लेअर करणं थांबवलं. असा प्लेअर आधीच घरात असेल तर ही वाट धरा. नसेल तर शोधत फिरण्यात अर्थ नाही.

एचडीएमआय असेल तर चित्र एकदम बदलतं. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी न उलगडता, बिटस्ट्रीम म्हणून, पाठवण्याची सोय २००६ च्या एचडीएमआय १.३ मध्ये आली. पण त्याच्या आधीच्या आवृत्त्याही आठ चॅनेलचं एलपीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) नेऊ शकत होत्या. म्हणजे प्लेअरच्या ऑडिओ मेन्यूत 'पीसीएम' निवडलं की प्लेअर ट्रूएचडी उलगडून साधे आकडे पाठवतो आणि प्रोसेसर ते वाजवतो. लॉसलेस म्हणजे लॉसलेस. डीकोडिंग कुठल्या डब्यात झालं याने आकडे बदलत नाहीत. पहिलं जाडजूड प्लेस्टेशन ३ हेच करायचं, कारण त्याला बिटस्ट्रीम पाठवताच येत नव्हतं. फरक पडतो तो पुढच्या डिस्प्लेवर. तिथे 'ट्रूएचडी' न उमटता 'मल्टी चॅनेल' असं काहीतरी उमटतं. निव्वळ त्या अक्षरांसाठी यंत्र बदलणारे लोक आहेत, आणि त्यांच्या आनंदाला माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र मॅन्युअलमध्ये तपासा: सुरुवातीच्या काही यंत्रांत एचडीएमआय फक्त चित्र पुढे ढकलायला होता, आवाज त्यातून घेतलाच जात नसे. तसं असेल तर तुमचं यंत्र वरच्या, एचडीएमआय नसलेल्या गटातच मोजा.

फोर-के चित्र जुन्या प्रोसेसरमधून पुढे जात नाही, कारण त्याला एचडीसीपी २.२ (फोर-के चित्राची नक्कल रोखणारं कुलूप) कळत नाही. यावर तोडगा आहे, दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेअर. सोनी यूबीपी-एक्स७०० किंवा पॅनासॉनिक यूबी८२० मध्ये एक वायर टीव्हीला आणि दुसरी, फक्त आवाजाची, प्रोसेसरला देता येते. अ‍ॅटमॉसची डिस्क लावली तरी घाबरायचं कारण नाही. ब्लू-रेवर अ‍ॅटमॉस ट्रूएचडीच्या आतच येतं आणि खालचा ७.१ थर पूर्ण असतो. हेलिकॉप्टर गाळलं जात नाही. ते डोक्यावरून जाण्याऐवजी बाजूने जातं, इतकंच.

नवा घ्यायचाच, तर रिसीव्हर की वेगळा प्रोसेसर?

इथे विक्रेते फॉरमॅटची यादी वाचून दाखवतात, आणि नेमकी तीच यादी निरुपयोगी असते. लाखाच्या आतला सात चॅनेलचा रिसीव्हर आणि कित्येक लाखांचा प्रोसेसर दोघेही ट्रूएचडी सारखंच उलगडतात. तफावत असते चॅनेलच्या संख्येत, रूम करेक्शनमध्ये (खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेण्याची सोय) आणि प्री-आउटमध्ये (बाहेरच्या अ‍ॅम्पला आवाज देणारे आउटपुट).

यामाहा आरएक्स-व्ही६ए सारखा सात चॅनेलचा रिसीव्हर ५.१.२ चालवतो, म्हणजे वर दोन स्पीकर. डेनॉन एव्हीआर-एक्स३८००एच मध्ये नऊ चॅनेलचे अ‍ॅम्प आहेत, तर प्रोसेसिंग ११.४ चं (अकरा चॅनेल आणि चार सबवूफर); वर चार स्पीकर सहज बसतात आणि सगळ्या चॅनेलना प्री-आउट आहेत. माझ्या मते जुना पॉवर अ‍ॅम्प असलेल्या माणसासाठी हीच जागा योग्य आहे. पुढचे तीन स्पीकर जुन्या अ‍ॅम्पवर, बाकीचे रिसीव्हरवर. मॅरँट्झ एव्ही १० (१५.४) किंवा अँथम एव्हीएम ७० (१५.२) हे खरे प्रोसेसर, आत अ‍ॅम्प नसलेले. बाणेर-बावधनला बंगल्यात थिएटरसाठी वेगळी खोली काढली असेल तर त्यांचा विचार करा. सिंहगड रोडवरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, जिथे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, तिथे पंधरा चॅनेल लावणार कुठे?

रूम करेक्शनमध्ये ऑडिसी आणि डिरॅक ही दोन नावं वारंवार ऐकू येतील. ऑडिसी चालू असताना डेनॉन-मॅरँट्झची यंत्रं आवाजाचा नमुना-वेग (सेकंदाला किती नमुने) ४८ किलोहर्ट्‌झवर आणतात. चित्रपटांचे बहुतेक ट्रॅक मुळातच ४८ चे असल्याने काही बिघडत नाही. ९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झच्या मैफलींच्या डिस्क जमवणाऱ्यांनी मात्र हे विचारून घ्यावं.

तुम्ही वाजवता काय?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस लॉसलेस नसतं, ते डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं. नेटफ्लिक्सवर ७६८ केबीपीएसपर्यंत. ते टीव्हीच्या साध्या एआरसीमधूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून परत पाठवण्याची सोय) रिसीव्हरपर्यंत पोचतं, ई-एआरसीचा (त्याच सोयीच्या रुंद आवृत्तीचा) हट्ट फक्त ओटीटीसाठी नको. घरात प्लेअरच नसेल आणि पुढेही येणार नसेल, तर ट्रूएचडीची चर्चा सोडून द्या. तेव्हा निवड एवढीच उरते: वर स्पीकर लावणार की नाही. डिस्क आणणार असाल तर फोर-केच्याच आणा. साध्या ब्लू-रेला रीजनचं कुलूप (ठराविक भागातल्या प्लेअरवरच डिस्क चालण्याचं बंधन) असू शकतं आणि आपला रीजन सी आहे. फोर-के डिस्कला ते कुलूप नाही.

आता वरचे स्पीकर. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालक स्लॅबला ड्रिल मारू देणार नाही. मग छताकडे तोंड करून आवाज परतवणारे स्पीकर सुचवले जातात. त्यांना सपाट, कडक छत लागतं. आपल्याकडे पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात एलईडीच्या खाचा, आणि मधोमध, जिथून आवाज परतायला हवा नेमकं तिथेच, पंखा. एप्रिलमध्ये तो बंद ठेवून सिनेमा बघणारा पुणेकर मला अजून भेटलेला नाही. इंटिरिअरचं काम निघणार असेल तर पीओपी व्हायच्या आधी वायरी टाकून घ्या, स्पीकर पुढे कधीही बसवता येतील. तपकीर गल्लीतून (विजेच्या सामानाच्या बाजारातून) वायर घेताना ती अस्सल तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची, हे टोक सोलून आणि खरवडून बघा.

वर स्पीकर लावायला जागा नाही आणि जुन्या यंत्रात एचडीएमआयवरून आवाज जातो, अशा घराला मी नवं काही घ्यायला सांगणार नाही. तो पैसा सबवूफरमध्ये घाला. छतात वायरी आहेत किंवा टाकता येतील, तिथे प्री-आउटवाला नऊ चॅनेलचा रिसीव्हर. एचडीएमआय नसलेला प्रोसेसर असेल तर तो बदलायला हरकत नाही, पण त्याच्यासोबतचा पॉवर अ‍ॅम्प विकू नका.

सेकंडहँड घेत असाल तर २०२० च्या मॉडेलांकडे जरा नीट बघा. त्या वर्षीच्या काही रिसीव्हरमधल्या एचडीएमआय २.१ चिपमध्ये दोष होता. फोर-के १२० वर (सेकंदाला १२० चित्रं) गेमिंग करताना चित्र जायचं. सिनेमाला त्याचा त्रास नाही, पण घरात गेम कन्सोल असेल तर यंत्र घेण्याआधी तो सोबत नेऊन लावून बघा.