जुना लोखंडी कूलर: घरी दुरुस्त करावा, मिस्त्रीकडे द्यावा की नवा घ्यावा?

होळी झाली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कूलरवरची आच्छादने निघू लागतात. पाच-सात उन्हाळे काढलेला पत्र्याचा कूलर ज्यांच्या घरी आहे, त्यांना तेव्हा एक निर्णय घ्यावा लागतो: सुटीच्या दिवशी स्वतः हात घालावा, मिस्त्रीला बोलवावे, की जुना भंगारात देऊन नवा प्लास्टिकचा आणावा. बहुतेक जण हा निर्णय जाळ्यांकडे पाहून घेतात, कारण काळे पडलेले आणि खाली बसलेले गवत चटकन नजरेत भरते. माझ्या मते तो निकष चुकीचा आहे. गवत, पंप आणि मोटारीचा कंडेन्सर या बदलत राहायच्याच वस्तू आहेत. कूलर ठेवण्याजोगा आहे की नाही, हे टाकीचा तळ आणि पंख्याची मोटार या दोन गोष्टी ठरवतात. म्हणून आधी त्या दोहोंचा विचार करू आणि मग बाकीचा.

मुळात कूलरवर खर्च करणे आपल्या भागात शहाणपणाचे आहे, हे आकड्यांवरूनही दिसते. बाष्पीभवनाने हवा किती थंड होईल, हे ती किती कोरडी आहे यावर अवलंबून असते. मे महिन्याच्या दुपारी तापमान ४२ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते तापमान, सुमारे २२ अंश येते. चांगला कूलर या वीस अंशांच्या फरकापैकी तीन चतुर्थांश फरक कापतो, म्हणजे त्यातून साधारण २७ अंशांची हवा बाहेर पडते. जुलैत तापमान ३२ अंशांवर उतरते, पण आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की तोच कूलर जेमतेम तीन अंश कमी करू शकतो. तेव्हा पावसाळ्यात कूलर ‘काम करत नाही’ म्हणून तो भंगारात काढू नये. तो बिघाड नव्हे.

टाकीचा तळ

टाकी रिकामी करून कूलर एक दिवस उन्हात वाळू द्यावा आणि मग आडवा करून तळाची खालची बाजू पाहावी. गंज सहसा मधल्या सपाट पत्र्यावर आधी धरत नाही. पाय जोडलेले कोपरे, दुमडीची शिवण आणि पाणी सोडण्याच्या बुचाभोवतीची जागा येथे ओल आणि गाळ महिनोन्महिने राहतात, म्हणून गंजाची सुरुवात तिथून होते. पेचकसाच्या टोकाने दर दोन-तीन बोटांच्या अंतरावर हलके दाबत जावे. पत्रा टणक लागला आणि नुसती तांबूस पूड निघाली, तर गंज वरवरचा आहे. टोक आत रुतले किंवा पापुद्रे सुटून आले, तर तेवढा पत्रा गेला असे समजावे.

यानंतरचे पर्याय एकमेकांना समान नाहीत, आणि येथेच लोकांचे पैसे वाया जातात. टाचणीच्या टोकाएवढी एखाद-दुसरी छिद्रे असतील, तर एम-सीलसारखी दोन भाग मळून लावायची पुट्टी पुरेशी आहे आणि हे काम घरी करण्यासारखे आहे. मात्र पुट्टी गंजावर टिकत नाही, त्यामुळे आधी पॉलिश पेपरने घासून आतला चकचकीत पत्रा दिसेपर्यंत जागा साफ करावी, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून लावावी आणि एक पूर्ण दिवस पाणी भरू नये. डांबरी रंगाचे दोन हात आतून दिल्यास गंजाची गती चांगलीच मंदावते, परंतु छिद्र बुजवणे हे त्या रंगाचे काम नाही, आणि पहिला हात पूर्ण सुकण्याआधी दुसरा दिल्यास त्याचा वास महिनाभर खोलीत येत राहतो. वेल्डिंगचा सल्ला अनेक जण देतात. मी तो देणार नाही. कूलरचा जस्त चढवलेला पातळ पत्रा आर्क वेल्डिंगच्या उष्णतेने जळून भोक आणखी मोठे होते, जोडाभोवतीचे जस्त उडून उघडे लोखंड पुढच्याच हंगामात गंजते, आणि जळत्या जस्ताचा धूर छातीला घातक असतो.

तळाचा अर्ध्याहून अधिक भाग गेला असेल आणि बाजूचे खांब व पाय शाबूत असतील, तर पत्र्याचे काम करणाऱ्याकडून जुना तळ कापून नवा बसवून घेणे सर्वांत टिकाऊ ठरते. त्याला २४ गेजऐवजी २२ गेजचा पत्रा मागावा. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड असतो. काचतंतूची मॅट आणि रेझिन लावून आतून फायबरचा थर देणे हाही उत्तम उपाय आहे, कारण त्या थराला गंज चढत नाही, पण रेझिन घट्ट करणाऱ्या हार्डनरचे प्रमाण चुकले तर थर चिकट राहतो किंवा तडकतो, म्हणून ते काम सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. खांब आणि पायही पोखरले गेले असतील, तर मात्र दुरुस्तीचा विचार सोडून द्यावा. भरलेल्या टाकीतले साठ-सत्तर लिटर पाणी म्हणजे साठ-सत्तर किलो वजन असते, आणि असा कूलर खिडकीबाहेरच्या घोडीवर ठेवणे धोक्याचे आहे.

पंख्याची मोटार

मोटार नुसती गुणगुणत असेल आणि पाते फिरत नसेल, तर प्लग काढून पाते हाताने फिरवून पाहावे. ते सहज फिरत राहिले, तर दोष बहुधा कंडेन्सरमध्ये, म्हणजे कपॅसिटरमध्ये असतो. त्याची किंमत मोटारीच्या मानाने किरकोळ असते आणि तो घरी बदलता येतो. जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा जसाच्या तसा मागावा, व्होल्टची मर्यादा तितकीच किंवा अधिक असावी, आणि जुना काढण्यापूर्वी मूठ नीट झाकलेल्या पेचकसाने त्याची दोन्ही टोके क्षणभर जोडून उरलेला भार काढून टाकावा. पाते जड फिरत असेल किंवा दांडा धरून हलवल्यावर वर-खाली खेळत असेल, तर बुश, म्हणजे दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजले आहेत. शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब घालून थोडा फरक पडतो. गोडे तेल घालू नये, ते काही आठवड्यांत चिकट होऊन दांडा धरून ठेवते. झिजलेला बुश बदलण्यासाठी तो दाबून बसवावा लागतो, आणि ते काम मिस्त्रीचे आहे.

मोटार जळलीच असेल, तर वाइंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने भरून घेणे, करावे की नवा पंखा बसवावा, हा खरा तुलनेचा प्रश्न आहे. शेतीपंपांमुळे आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटार भरून देणारे कसबी कारागीर आहेत, ही खानदेशाची मोठी सोय आहे, आणि मोटारीचे ओतीव कवच व दांडा चांगला असेल तर मी वाइंडिंगलाच पसंती देईन. अट एवढीच की तार तांब्याची असावी. ॲल्युमिनियमच्या तारेचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. तेवढ्याच जाडीची तार भरली तर मोटार अधिक तापते, आणि ४४ अंशांच्या हवेत चालणाऱ्या मोटारीला ती उष्णता सोसत नाही. तारेचे टोक खरवडून पाहावे. आतून ती पांढुरकी निघाली, तर ती तांब्याची नाही. नवा पंखा घ्यायचा झाल्यास पात्याच्या इंचांबरोबर फेऱ्यांचाही आकडा जुळवावा. ९०० फेऱ्यांच्या जागी १४०० फेऱ्यांचा पंखा बसवला तर वारा वाढतो हे खरे, पण आवाजही वाढतो आणि जाळीतून पाण्याचे तुषार ओढले जाऊन अंथरुणे दमट होतात.

गवत की हनीकॉम्ब

विक्रेते हनीकॉम्बची, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या कागदी जाळीची, जी स्तुती करतात, तीत तथ्य आहे, पण ती अर्धी बाजू आहे. नवे, दाट आणि सारखे पसरलेले गवत हवा जवळपास हनीकॉम्बइतकीच थंड करते. फरक पडतो तो दीड महिन्यानंतर. गवत ओले होऊन खाली बसते, वर रिकामी जागा तयार होते, आणि त्या जागेतून गरम हवा थेट आत येते. हनीकॉम्बचा जाड, कडक कागद जागचा हलत नाही आणि एक संच तीन-चार उन्हाळे पुरू शकतो. गवत मात्र दर हंगामाला बदलावे लागते. एवढाच हिशेब असता, तर हनीकॉम्बच्या बाजूने निकाल लागला असता.

आपल्याकडे हा हिशेब पाणी बदलते. कूलरमधले पाणी वाफ होऊन जाते आणि त्यातले क्षार मागे राहतात. दिवसभरात १५० लिटर पाणी उडाले आणि त्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असले, तर रोज ७५ ग्रॅम क्षार टाकीत आणि जाळीवर साठतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट आहे. बोअरचे जड पाणी पहिल्या आकड्याच्या खूप पुढे असू शकते. हे क्षार हनीकॉम्बच्या बारीक नळ्यांत पांढऱ्या थराने बसतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत हवेचा मार्ग अरुंद करतात. त्यामुळे माझा सल्ला असा आहे की नळाचे गोडे पाणी पुरेसे मिळत असेल तर हनीकॉम्ब घ्यावे, आणि कूलर बोअरच्या पाण्यावरच चालणार असेल तर दरवर्षी स्वस्त गवत बदलावे. हनीकॉम्ब आधीच बसवलेले असेल, तर दर दोन-तीन दिवसांनी टाकीतले उरलेले पाणी सोडून द्यावे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावांत हे जिवावर येते, याची मला जाणीव आहे. ते क्षारयुक्त पाणी झाडांना घालू नये. अंगण किंवा मोरी धुण्यास ते चालते. थर काढण्यासाठी लिंबूसत्त्वाचे पाणी वापरावे, परंतु जाळी बाहेर काढून. आम्ल जस्ताचा थर खाते, म्हणून ते पत्र्याच्या टाकीत ओतू नये, आणि ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संपर्क कधीही येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू सुटतो.

जाळी कोणतीही असो, ती सर्वत्र भिजते की नाही हे पाहणे तिच्या जातीपेक्षा महत्त्वाचे आहे. पंप सुरू करून दहा मिनिटांनी जाळीवर वरपासून खालपर्यंत तळहात फिरवावा. मध्येच एक उभा, बोटभर रुंद पट्टा कोरडा आणि कोमट लागतो. त्याच्या बरोबर वर पाहिले तर जाळीवर पाणी सोडणाऱ्या पन्हळीचे एखादे छिद्र क्षाराने बुजलेले सापडते. सायकलच्या आऱ्याच्या टोकाने ते मोकळे केले की पट्टा भिजतो. पन्हळ एका बाजूला कललेली असेल तर कूलरच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवून पातळी साधावी. हे काम मिस्त्रीला सांगण्यासारखे नाही. दर पंधरा दिवसांनी स्वतः करण्यासारखे आहे.

पंपाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाण्याविना चालला की तो जळतो, दुरुस्तीपेक्षा नवा घेणेच परवडते आणि तो घरी बदलता येतो. फक्त त्याच्या तारेला पाण्याच्या पातळीखाली जोड नसावा, टेप गुंडाळलेला तर नकोच.

अर्थिंग

लोखंडी टाकी, पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र आल्यावर काटकसरीला जागा उरत नाही. जुन्या घरांत तीन भोकांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकाला तार जोडलेलीच नसते; वरून सगळे ठीक दिसते आणि कूलरला हात लावणाऱ्या मुलाच्या जिवाशी गाठ पडते. अर्थिंगची तपासणी घरी करू पाहू नये. त्यासाठी परवानाधारक वायरमनच बोलवावा आणि त्याच वेळी ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. घरात अर्थिंग नसेल आणि भाड्याच्या जागेत ते करून घेणे शक्य नसेल, तर इथे प्लास्टिकच्या कूलरचे पारडे निश्चितपणे जड होते, कारण त्याचे अंग विजेचे वाहक नाही, जरी त्यालाही तीन पिनांचा प्लग लागतोच.

एरवी प्लास्टिकचा कूलर हलका असतो, गंजत नाही आणि खोलीत इकडेतिकडे नेता येतो. लहान खोलीसाठी तो पुरतो. पण त्याच्या जाळ्यांचे क्षेत्रफळ बहुधा कमी असते, उन्हात राहिल्यास अंग ठिसूळ होते, आणि मोटार, बटणे, झडपा हे सुटे भाग त्या त्या कंपनीचेच लागतात. लोखंडी कूलरचा पंखा कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणून बसवता येतो. माजघरासारख्या मोठ्या खोलीसाठी, समोरची खिडकी उघडी ठेवता येत असेल तर, मी तळ शाबूत असलेला जुना लोखंडी कूलरच ठेवीन.

कूलर कोणताही ठेवला, तरी आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून तिच्या भिंती ब्रशने घासाव्यात. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो, ती कोरड्या टाकीतही महिनोन्महिने टिकतात, आणि अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. नुसते पाणी बदलून ती निघत नाहीत.

ज्यांना तळ किंवा वाइंडिंग करून घ्यायचे आहे, त्यांनी कूलर फाल्गुनातच तपासून कारागिराकडे द्यावा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी घरी येतात तेव्हा ऊन भर तापलेले असते, आणि त्या दिवसांत पत्र्याचे काम करणाऱ्याकडे व वाइंडिंगच्या दुकानात रांग लागलेली असते. घाईत भरलेली मोटार आणि घाईत बसवलेला तळ तपासून घ्यायला तेव्हा कोणालाच वेळ नसतो.